अडतंय कुठे?

आमचे सर कोणाला नमस्कार करत नसत. समोर ग्राहक येवो, विद्यार्थी येवो की घरमालक, ते चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "हं, अडतंय कुठे?" तेही उगाच बोलायचं म्हणून नाही. हरवलेली किल्ली शोधणारा माणूस विचारतो तसं, खरोखर उत्तर हवं असल्यासारखं.

मी बीएस्सी होऊन त्यांच्याकडे नोकरी मागायला गेले, तेव्हा माझी मुलाखतही याच प्रश्नाने सुरू झाली. मी गांगरले आणि खरं ते बोलून गेले. "नोकरी मिळायचं अडलंय, सर."

"म्हणजे माझ्याकडे अडलंय," ते म्हणाले. "उद्यापासून या."

इतकीच मुलाखत. मार्कशीट मी तशीच पिशवीतून घरी परत नेली.

त्यांचा कॉम्प्युटर क्लास जळगावात एका बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर होता. नव्वदीचं दशक अर्धं सरलेलं. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायचे ते दिवस होते. मशीनला झालर लावलेलं मखमली कव्हर असे आणि दसऱ्याला झेंडूची माळ. खाली दुकानात कपाशीचं बी घ्यायला आलेले लोक कुतूहलाने वर येऊन डोकावून जायचे. सर त्यांनाही सोडत नसत. "या, बसा, अडतंय कुठे?" ते बिचारे घाबरून जिना उतरायचे.

त्या काळी ज्याच्या त्याच्या तोंडी प्रोसेसरचा आकडा. कोणी कॉम्प्युटर घेतला की गाडी घेतल्यासारखं सांगायचा, आमचा इतक्या मेगाहर्ट्झचा आहे. सरांना हे ऐकलं की खाज सुटायची. "आचारी जोरात आहे हो तुमचा. पण भाजी कोठारातून त्याच्यापर्यंत येते कशी?" मग ते झाकण उघडून दाखवत. हा प्रोसेसर, म्हणजे आचारी. ही हार्डडिस्क, म्हणजे कोठार. आणि दोघांच्या मधली चपटी केबल, ते कार्ड, मदरबोर्डवरची ती वाट, म्हणजे बस. बस म्हटलं की पोरं हसायचीच. सर म्हणत, "हसून घ्या. बस जुनी असेल तर आचारी हातावर हात ठेवून बसतो, आणि तुम्ही म्हणता कॉम्प्युटर विचार करतोय. तो विचार करत नाही बाबांनो, तो वाट बघतो!"

हा धडा ते फळ्यावर शिकवत नसत. वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात केळ्यांची टोपली ठेवायचे. पुढे एका खाणाऱ्या मुलाला बसवायचे आणि मधे पोरांची एक रांग. टोपलीतलं केळं हातोहात पुढे यायचं. खाणारा पटकन संपवून बोंब मारायचा. मग सर शेजारी दुसरी रांग उभी करत आणि एकदम दोन केळी पुढे येऊ लागत. "खाणारा तोच, टोपली तीच. बदललं काय?" पोरं ओरडायची, "रस्ता!" सर हात वर करून म्हणायचे, "झाला धडा. आता बठ्ठी केळी खाऊन टाका, एकही उरवू नका." या धड्याला कधी कोणी गैरहजर राहिलं नाही.

सर मूळचे धुळ्याकडचे, नरडाण्याजवळच्या एका खेड्यातले. आमच्याशी बोलताना शुद्ध बोलत, पण आनंद झाला किंवा डोकं तापलं की थेट अहिराणीत उतरत. इंजिनियर होऊन आधी दीपनगरच्या वीज केंद्रात कोळसा उतरवण्याच्या कामावर होते. तिथेच त्यांना हे वेड लागलं असावं. ते सांगायचे, "बॉयलर केवढाही असू दे, कोळसा रेल्वेच्या वाघिणीतून ज्या वेगाने उतरेल त्याच वेगाने जळणार. सगळे येऊन बॉयलर बघायचे. मी वाघिणी बघायचो." पुढे एका प्रदर्शनात त्यांनी कॉम्प्युटर उघडा पाहिला. त्यातही वाघिणीच दिसल्या, म्हणून चांगली नोकरी सोडली. असं ते सांगत. काकू, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, वेगळं सांगत. त्यांच्या मते साहेबालाही रोज सकाळी "अडतंय कुठे" विचारलं, त्याचं हे फळ.

या प्रश्नापायी त्यांनी एक लग्न जवळजवळ मोडलं होतं. धुळ्याला त्यांच्या मित्राच्या मुलीचं लग्न, वरण-बट्टीची पंगत. पानं मांडलेली, लोक बसलेले, आणि वाढायचं काही येईना. सर पानावरून उठले. आत बघतात तर बट्ट्यांचा ढीग तयार, वाढपी तयार. पण कनातीला एकच फट. भरल्या बादल्या तिथूनच बाहेर यायच्या आणि रिकाम्या तिथूनच आत जायच्या. सरांनी दुसऱ्या बाजूच्या दोऱ्या सोडवल्या. "इकडून जा, तिकडून या!" काय वाढप झालं म्हणता! वराकडचे लोक वा वा करू लागले. फक्त त्या नव्या फटीतून गल्लीतल्या शेळ्याही आत आल्या आणि बट्ट्यांच्या टोपलीला भिडल्या. वधूपित्याने पुढे बरेच दिवस सरांशी अबोला धरला. सरांचं म्हणणं एवढंच, की शेळ्यांनासुद्धा रस्त्याचं महत्त्व कळतं.

बिघडलेलं मशीन आलं की ते स्क्रूड्रायव्हरचं टोक हार्डडिस्कवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. इंजिन ऐकणारे गॅरेजवाले करतात तसंच. त्या वेळी खोलीत कोणी शिंकलेलंसुद्धा चालायचं नाही.

आणि त्यांचं घर! रस्त्याच्या धुळीला भिऊन त्यांनी मदरबोर्ड, कार्डं, उघड्या हार्डडिस्का असला संसार घरी आणला होता, आणि तो मांडला होता स्वयंपाकाच्या ओट्यावर. घरात तीच एक जागा थंड आणि स्वच्छ, असं त्यांचं मत. काकूंना उरला होता गॅसपुरता कोपरा. परात जमिनीवर. भाकरी खाली थापायची, उठून तव्यावर टाकायची, परत खाली बसायचं. प्रत्येक भाकरीला एक बैठक. त्यामुळे सरांचा डबा रोज उशिरा यायचा, आणि डबा आला की सर आमच्यासमोर न चुकता म्हणायचे, "आमच्या घरात एकच गोष्ट हळू आहे." काकूंच्या कानावर ते जायचं. "हो का? मग उद्यापासून तुम्ही थापा," एवढं म्हणून त्या सोडून देत. आम्हीही हसायचो. हसण्यासारखंच वाटायचं तेव्हा.

आता अक्कांची गोष्ट सांगते, कारण मला सर आठवतात ते त्या एका दिवसासकट.

अक्का आमच्या क्लासच्या सगळ्यात मोठ्या विद्यार्थिनी. यावल तालुक्यात केळी बागायतदारांची एक सोसायटी होती, तिथे त्या कारकून. वर्षानुवर्षं कार्बन घालून हाताने वजनकाट्याच्या पावत्या लिहायच्या. कुणाच्या बागेतला माल, कुठली गाडी, वजन किती. पावती मिळाल्याशिवाय केळीची गाडी दिल्लीच्या वाटेला लागत नसे. अक्कांचा हात असा, की माणूस नाव सांगून खिशातली तंबाखू काढेपर्यंत पावती तयार. मग सोसायटीने कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. अक्का एसटीने जळगावला येऊन आमच्याकडे शिकल्या, आणि मन लावून शिकल्या. शेवटच्या दिवशी सरांनी त्यांना सांगितलं होतं, "आता तुमचा हात आणखी जोरात चालेल."

काही महिन्यांनी त्या माडी चढून आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"सर, या वेळी बहुतेक माझ्यातच अडतंय," अक्का म्हणाल्या.

मशीन एकदम नवं, पेंटियम. पण एकेक पावती निघायला इतका वेळ लागतो, की उन्हात गाड्यांची रांग लागते. बागायतदार खिडकीशी येऊन ओरडतात. चेअरमन नानांनी सगळ्यांसमोर सांगितलं, मशीन नवं आहे, अक्काचा हातच हळू आहे. पुण्याहून शिकून आलेला एक मुलगा त्यांनी बघून ठेवलाय. अक्कांच्या पगारावर दोन मुली कॉलेजात शिकत होत्या. हे सांगताना त्यांचा आवाज नीट होता, फक्त पिशवीचा बंद त्या बोटाला गुंडाळत होत्या.

सर खुर्चीतून उठले. "मानूसमा कधीच अडकत नही! वाटमा अडकस!" माणसात कधी अडत नाही, वाटेत अडतं. इतकं तापलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्याच सकाळी आम्ही यावलच्या एसटीत. मला बरोबर घेतलं ते पिशव्या धरायला. सरांच्या मांडीवर काकूंचा माहेरचा तीन ताळी डबा होता. त्यात कापसात गुंडाळून हार्डडिस्का आणि एक नवं कोरं कार्ड. काकूंना न विचारताच उचलला होता. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "भरीत व्हय का हो?" सरांनी वरचं झाकण उघडून दाखवलं. आजोबा पुढचा सगळा प्रवास खिडकीबाहेर बघत होते.

वाटेत सरांनी निदान करून टाकलं. दुकानदाराने नव्या मशीनला जुनं कार्ड चिकटवलं असणार. आचारी नवा, फाटक जुनं. "कार्ड बदललं की झालं. नानांचं तोंड बघण्यासारखं होईल."

सोसायटीच्या आवारात केळीचा पाला अंथरलेल्या गाड्या उभ्या होत्या. घड भरून तयार. खिडकीशी गर्दी. "ओ अक्का, केयी इथंच पिकून जाईन ना!" कोणीतरी ओरडलं आणि बाकीचे हसले. अक्का खाली मान घालून एक कळ दाबायच्या आणि वाट बघायच्या. मशीन घरघरायचं, थांबायचं, पुन्हा घरघरायचं. तोवर सगळे त्यांच्या बोटांकडे बघायचे. मला ते बघवेना.

सरांनी झाकण उघडलं. आणि त्यांचं तोंड उतरलं. आत जुनं कार्ड नव्हतंच. बोर्ड नवा, बस नवी, हार्डडिस्क नवी, सगळं चोख. त्यांनी कापसातलं कार्ड काढलं आणि तसंच परत ठेवलं. स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, काढला, पुन्हा लावला. नाना टोपी नीट करत म्हणाले, "मी काय म्हणत होतो? मशीन पहिल्या नंबरचं आहे, सर. चहा घ्या."

सर चहा घेऊन बसले. पहिल्यांदाच मी त्यांना प्रश्न न विचारता बसलेलं पाहिलं. अक्कांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि नजर वळवली. त्यांची शेवटची आशा तो चहा पीत बसली होती.

पाहुणे आलेत म्हणून नाना खुशीत आले. "आता आमच्या मशीनची गंमत बघा." त्यांनी खिशातून एक सीडी काढली. खास सांगून बसवून घेतलेल्या सीडी ड्राइव्हमध्ये ती घातली. पडद्यावर चारधामांचं दर्शन सुरू झालं, देऊळ, घंटा, सगळं. दिल्लीचा व्यापारी आला की आधी दर्शन, मग भाव, अशी सोसायटीची रीतच पडली होती. व्यापारी नसला की नाना स्वतः सकाळी दर्शन घ्यायचे आणि सीडी आतच राहायची.

देवळाचा कळस दिसायला लागला आणि सरांनी कप खाली ठेवला. त्यांनी घाईने स्क्रूड्रायव्हर हार्डडिस्कवर टेकवला. "गप्प बसली," ते पुटपुटले. "दर्शन चाललंय तोवर ही गप्प बसली!" मग बोट केबलवरून फिरवत नेलं. एकच चपटी केबल. तिच्या एका टोकाला हार्डडिस्क आणि मधेच त्याच केबलला सीडी ड्राइव्ह. शेजारी बोर्डवर दुसऱ्या केबलची जागा मोकळी, धूळ खात. दुकानदाराने एक केबल वाचवली होती.

आता सर समजावू लागले. पण आनंदाने त्यांची जीभ इतकी घसरली, की इंटरफेस, चॅनेल, टायमिंग, मास्टर, स्लेव्ह असं काय काय बाहेर पडू लागलं. बागायतदार एकमेकांकडे बघू लागले. मी तेवढ्यात सोपं करून सांगितलं. दोघं एका केबलवर असली, की या मशीनमध्ये दोघांनाही हळू असणाऱ्याच्या चालीने चालावं लागतं. आणि एक बोलत असलं की दुसऱ्याने थांबायचं.

अक्का खुर्चीतून उठल्या. "म्हणजे तरण्या बैलाच्या जोडीला म्हातारा बैल जुंपलाय," त्या म्हणाल्या. "तरणा कितीही ओढो, औत म्हाताऱ्याच्याच चालीने जाणार."

खिडकीतली अख्खी गर्दी "अस्सं!" म्हणाली. सरांनी अक्कांना हातच जोडले.

पण जादा केबल तिथे कुठे मिळणार? मग मार्ग एकच, म्हातारा बैल सोडायचा. नाना एकदम कडक झाले. "दर्शन काढायचं नाही. परवा व्यापारी येतोय."

"पुढच्या आठवड्यात मी स्वतः दुसरी केबल आणून दर्शन वेगळ्या वाटेने लावून देतो," सर म्हणाले. "आज फक्त सोडतो. एक पावती काढू. तरीही उशीर लागला, तर अक्का हळू आहेत हे मी मान्य करीन. इथे, या सगळ्यांसमोर."

अक्कांनी पदर खांद्यावरून ओढून घेतला. नोकरी त्यांची आणि पैज सर लावून बसले होते. नानांनी मान हलवली. सरांनी मशीन बंद केलं, सीडी ड्राइव्हची केबल आणि वायर ओढून काढली, तिथली एक टाचणीएवढी पिन बदलली आणि पुन्हा चालू केलं. खिडकीतल्या बागायतदाराने नाव सांगितलं. अक्कांनी टाइप केलं, कळ दाबली आणि सवयीने हात मांडीवर घेतले. हात मांडीवर पोचायच्या आत प्रिंटर करकरायला लागला.

अक्कांनी पावती फाडून खिडकीतून दिली. मग खिडकीबाहेर जो गलका झाला! पुढचं नाव, पुढची पावती. तोच जुना हात, माणसाने तंबाखू काढेपर्यंत पावती तयार. सर मात्र भुवया चढवून प्रिंटरकडे बघत होते. "आता हा अडतोय," ते मला म्हणाले. त्यांना गप्प करायला मी त्यांचा शर्ट ओढला, कारण नाना उभे राहिले होते.

नाना टोपी काढून हातात फिरवत होते. खोकले. पंख्याकडे बघितलं. पुन्हा खोकले. सगळ्यांना कळत होतं काय बोलायला हवं ते, आणि ते काही बाहेर येत नव्हतं. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "नाना, आता अडतंय कुठे?"

नानांनी टोपी डोक्यावर ठेवली. मग मोठ्याने हसले, गर्दीकडे वळले आणि म्हणाले, "ऐका रे बठ्ठे. मशीनचा राग मी अक्कावर काढला. अक्का, चुकलं माझं."

"राहू द्या नाना, आधी गाड्या काढू द्या," अक्का म्हणाल्या. पण पुढच्या नावाला त्यांची बोटं एकदा चुकली, तेवढी एकदाच.

परतताना डब्यातल्या हार्डडिस्का माझ्या पिशवीत आल्या आणि डब्यात अक्कांनी दिलेली पिकली केळी. वाटलं होतं, सर जळगावपर्यंत बडबड करतील. पण ते डब्याचं झाकण उघडत-लावत बसले. मधेच एकदा म्हणाले, "नवं मशीन सगळ्यांना दिसतं. म्हणून खुर्चीत बसलेल्याला हळू म्हणायचं. सोपं पडतं." मी म्हटलं, हो सर.

संध्याकाळी मी डबा पोचवायला त्यांच्या घरी गेले. काकूंनी डबा बघितला, सरांकडे बघितलं आणि केळी काढून घेतली. मग मला म्हणाल्या, "बस गं, गरम भाकरी खाऊन जा. थोडा वेळ लागेल." परात घेऊन त्या जमिनीवर बसल्या, पहिली भाकरी थापली आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

सरांनी नेहमीचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं. "आमच्या घरात एकच..." आणि तिथेच थांबले. तव्याकडे बघितलं, जमिनीवरच्या परातीकडे बघितलं, मग ओट्यावर पसरलेल्या आपल्या संसाराकडे. मग पुढे होऊन त्यांनी एक मदरबोर्ड उचलला आणि बाहेरच्या खाटेवर नेऊन ठेवला. मग दुसरा. मग कार्डं, केबली, हार्डडिस्का. मी मदतीला उठले तर हातानेच बस म्हणाले. शेवटी फडकं घेऊन ओटा पुसला, वाकून परात उचलली आणि ओट्यावर ठेवली.

"आठेच अडकेल व्हतं," ओट्यावर बोट ठेवून ते खाली बघत म्हणाले. "चुकलं मनं."

काकूंनी ओट्यावरून एकदा हात फिरवला. मग पदर खोचून त्या उभ्यानेच पीठ मळायला लागल्या.

"सापडलं का एकदाचं!" त्या म्हणाल्या.